ब्लॉकची बाहेरची कडी

‘ब्लॉक’ या शब्दाचा मुंबईकर जो अर्थ करतात, तो माझ्या वडिलांच्या जाडजूड इंग्रजी कोशात नव्हता. दोन खोल्या, स्वैपाकघर आणि दाराच्या आत स्वतःचा संडास, याला आम्ही ब्लॉक म्हणायचो. यातला संडास सगळ्यांत महत्त्वाचा. चाळीत सकाळी टमरेल घेऊन जो रांगेत उभा राहिला आहे, त्यालाच या शब्दाचं वजन कळेल. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच ह्यांनी गिरगावातली चाळ सोडून अंधेरीला ब्लॉक घेतला, आणि पुढे कितीतरी दिवस ऑफिसात, नातेवाइकांत, देवळात, जातील तिथे हा शब्द काढत होते. ‘आमच्या ब्लॉकवर या एकदा.’ घर म्हणायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. अंधेरी तेव्हा मुंबईत धरत नसत. स्टेशनबाहेर टांगे उभे असायचे आणि आमच्या बिल्डिंगपर्यंतचा रस्ता भाताच्या खाचरांतून जायचा. तीन मजल्यांची ती बिल्डिंग एकटीच उभी होती. मागच्या गॅलरीतून म्हशींचा तबेला दिसायचा, त्याच्यापलीकडे ताडाची झाडं. येणारे पाहुणे आधी संडासाची साखळी ओढून बघायचे, मग हवा चांगली आहे म्हणायचे, आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून उन्हं उतरायच्या आत निघून जायचे. पहिल्या दोन महिन्यांनंतर तेही यायचे थांबले. हवा चांगली असते म्हणून कोणी सारखं येत नाही.

चाळीतून आलेल्या बाईला ब्लॉकमध्ये सगळ्यांत जड जातं ते दार. चाळीत दिवसाचं दार बंद दिसलं की येणारीजाणारी विचारायची, काय गं, बरं नाही का? दार सताड उघडं, त्यातून वाटीभर साखर जायची, कोणाचं बाळ यायचं, गॅलरीतलं भांडण तर फुकटात. दिवसा दाराला कडी लागायची ती एकाच वेळी. आमच्या खोलीत मोरी होती, तिला पडदा. बायको मोरीत आंघोळीला बसली आणि नवऱ्याची निघायची वेळ झाली, की तो जाताना बाहेरून नुसती कडी अडकवून जायचा, म्हणजे भलतंच कोणी आत घुसू नये. कुलूप नाही. बायकोचं आवरलं की ती आतून हाक मारायची, ‘कडी काढा हो,’ आणि गॅलरीतून जो जात असेल तो चालता चालता कडी काढून पुढे जायचा. आभार मानायची पद्धत नव्हती. दिवसभरात कोणाची ना कोणाची कडी आपण काढलेली असायचीच.

ब्लॉकमध्ये आल्यावर ह्यांनी पहिला नियम केला तो दाराचा. ‘ब्लॉकचं दार बंद ठेवायचं असतं. ही काय चाळ आहे?’ दार सागवानी, मधोमध पत्रं टाकायला पितळी झाकणाची खाच. ते दार बंद झालं की जिन्यावरचा आवाजसुद्धा आत येत नसे. हे ऑफिसला गेले की मी आतून खिटी लावायची आणि संध्याकाळपर्यंत भिंतींशी बोलायचं. दुपारी मला वाटायचं, आपण मेलो तर ह्यांना सहा वाजता कळेल. मी अतिशयोक्ती करत नाही. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होते, बी.ए. झालेली होते, धडधाकट होते, आणि रोज दुपारी माझ्या मनात हाच हिशेब चालायचा.

जिन्याच्या पलीकडे, अगदी आमच्या दारासमोर, दुसरं दार होतं. तेही कायम बंद. आत कोण राहतं हे मला पुष्कळ दिवस माहीत नव्हतं. सकाळी एक उंच, सडपातळ गृहस्थ डबा घेऊन बाहेर पडायचे आणि संध्याकाळी यायचे, एवढं दिसायचं. कधीतरी त्यांच्याकडून भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास यायचा. तेव्हा हे नाकाला रुमाल लावून म्हणायचे, ‘बघ, म्हणून म्हणतो दार लाव.’ एकदा मी ताक मागायच्या निमित्ताने जायचं ठरवलं होतं, भांडंही हातात घेतलं होतं. पण समोरचं दार इतकं ठाम बंद होतं की मला वाटलं, ही मंडळी मुळातलीच ब्लॉकवाली दिसतात, त्यांना आपला चाळीचा आगाऊपणा आवडायचा नाही. भांडं परत फळीवर ठेवलं.

माझे वडील शाळेत इंग्रजी शिकवत. लग्नात त्यांनी मला चार साड्यांबरोबर तो कोश दिला होता, आणि सासरी त्याची पुष्कळ थट्टा झाली होती. अंधेरीला आल्यावर मात्र तो कोश हीच माझी शेजारीण झाली. एका दुपारी म्हटलं, बघू तरी, ज्या शब्दाचं ह्यांना एवढं कौतुक तो आहे तरी कोण. शब्द काढला आणि हसू आवरेना. ब्लॉक म्हणजे मुळात झाडाचा तोडलेला ओंडका. डच लोकांचा शब्द, तो फ्रेंचांकडे गेला, फ्रेंचांकडून इंग्रजांकडे. एवढा प्रवास करून तो आमच्या अंधेरीला येऊन पोचला होता. मग त्या ओंडक्याचं काय काय झालं ते खाली ओळीने दिलं होतं. खाटीक ज्यावर मांस तोडतो तो. राजाची मर्जी गेली की ज्यावर मान ठेवायची तो. टोपीला आकार द्यायचा लाकडी साचा. छापखान्यातला चित्राचा ठसा. ओंडका रस्त्यात आडवा पडला की वाट अडते, म्हणून अडवणे. ज्याच्या डोक्यात लाकूड भरलंय असा मूर्ख माणूस. आणि एकाला एक लागून असलेल्या घरांची रांग. आमचा संडास कुठेच नव्हता.

संध्याकाळी मी ह्यांना हे सांगितलं. ओंडका ऐकून त्यांचा चेहरा उतरला. ‘कोश जुना असेल,’ म्हणाले.

थंडी संपता संपता वडिलांनी कळवलं की पार्ल्याच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला बाई हव्या आहेत. इंग्रजी तेव्हा आठवीपासून सुरू व्हायचं आणि शिकवणारे कमी होते. मी अर्ज केला, मुलाखतीचं बोलावणं आलं. रोजच्या वापरातला कुठलाही एक इंग्रजी शब्द घेऊन त्याचे अर्थ आणि तो आला कुठून हे वर्गात मुलींना समजावून सांगायचं, असा एक पाठ मुलाखतीत घ्यायचा होता. मला वाटलं देवाने माझ्यासाठीच प्रश्न काढलाय.

ह्यांचं काय म्हणणं होतं? ह्यांचं कधी काही म्हणणं नसायचं. हे कधी नाही म्हणाले नाहीत, त्यांच्या तोंडी एकच शब्द, ‘बघू’. सिनेमाला जाऊया का? बघू. आईकडे चार दिवस जाऊ का? बघू. हा ‘बघू’ म्हणजे गोड बोलून विहिरीत टाकलेली गोष्ट असते, ती वर कधी येत नाही. नोकरीचं काढल्यावर मात्र ते एकदा बोलून गेले होते. ‘लोक म्हणतील, ब्लॉक घेतला आणि भाडं भरायला बायको बाहेर काढली.’ मी म्हटलं, लोक इथे आहेत कुठे? त्यावर ते म्हणाले, ‘तुला जायचंय तर जा की. मी कुठे नको म्हणतोय?’ मला तेवढं पुरलं. आंधळा मागतो एक डोळा.

मग मी पाठाची तयारी सुरू केली. हे गेले की पदर खोचून भिंतीसमोर उभी राहायची आणि खणखणीत आवाजात इंग्रजी सुरू. ब्लॉक म्हणजे ओंडका, ब्लॉक म्हणजे ठसा, ब्लॉक म्हणजे अडवणे. पोळपाटाला टोपीचा साचा केलं होतं. भिंतीला प्रश्न विचारायची, भिंतीच्या वतीने चुकीचं उत्तर द्यायची आणि प्रेमाने दुरुस्त करायची. ते पंधरा-वीस दिवस मला दुपार कधी सरली कळत नसे. ती नोकरी मला किती हवी होती, हे मी आज इतक्या वर्षांनी सुद्धा शांतपणे सांगू शकत नाही. मला त्या दारातून रोज सकाळी बाहेर पडायचं होतं, एवढंच म्हणते.

मुलाखत दुपारी होती. सकाळी मी ह्यांचा डबा केला, चहा दिला. हे कपडे करत होते. म्हटलं, ‘मी आंघोळीला जाते, दार ओढून घ्या.’ ते ‘बरं’ म्हणाले. न्हाणीघरात बादली भरत असताना मला दार ओढल्याचा आवाज आला. त्यानंतर आणखी एक आवाज झाला, लोखंडाचा. नळ चालू होता. मी लक्ष दिलं नाही.

न्हाऊन, केस पुसून, निळ्या काठांची पांढरी साडी नेसून मी तयार झाले. चपला घातल्या. खिटी काढलेलीच होती. दार ओढलं तर येईना. लाकूड फुगलं असेल म्हणून जोर लावला. दार एक बोटभर आलं आणि खट्कन अडलं, आणि तो लोखंडाचा आवाज पुन्हा झाला. तेव्हा मला कळलं. बाहेरून कडी होती.

पहिल्यांदा मी हसले. खरंच हसले. म्हटलं, काय हा माणूस, चाळ सोडली पण चाळ ह्याला सोडत नाही. सवयीने मी हाकही मारली, ‘कडी काढा हो.’ ती हाक जिन्यात घुमली आणि परत आली. मग माझं हसू गेलं. कारण इथे दारासमोर चाळीसारखी गॅलरी नव्हती, गॅलरीतून जाणारं कोणी नव्हतं. दारातल्या खाचेतून हात घालून पाहिला, तो बांगड्यांपाशी अडला. आणि कडी तर वर, दाराच्या माथ्याशी. मागच्या गॅलरीत गेले, तबेल्यातल्या भय्याला दोन्ही हात हलवून हाका मारल्या. त्याने वर पाहिलं, दुधाची कासंडी उंच करून दाखवली आणि मान डोलावली. संध्याकाळी त्याने इमानेइतबारे अर्धा शेर दूध जास्त आणलं.

परत दाराशी आले आणि दोन्ही मुठींनी दार बडवायला लागले. ‘कोणी आहे का? अहो, कडी काढा. मला जायचंय.’ रडत होते की ओरडत होते मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल. मग हात दुखायला लागले तेव्हा थांबले, गुडघ्यावर बसले आणि खाचेचं झाकण वर करून बाहेर पाहिलं.

समोरच्या दाराचं झाकणही वर झालेलं होतं. त्यातून दोन डोळे माझ्याकडे बघत होते.

‘कोण गो ता?’ बाईचा आवाज आला. ‘काय झाला?’

मी म्हटलं, ‘वहिनी, देवासारख्या भेटलात. ह्यांनी चुकून बाहेरून कडी घातली. जरा बाहेर येऊन काढता?’

पलीकडचं झाकण आणखी थोडं वर झालं. मग ती म्हणाली, ‘कशी काढू? माझ्यापण दाराक भायरसून कडी आसा.’

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, तुमच्याकडेही आज विसरले?

‘इसारले नाय. आमचे रोज घालून जातत. संध्याकाळी इले की काढतत. माका वाटला, ब्लॉकात अशीच रीत आसता.’

ती तळकोकणातली होती. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली, नवरा आधी गिरणीत होता, मग अंधेरीच्या कारखान्यात फिटर झाला आणि त्यांनी हा ब्लॉक घेतला. तिथे चाळीतही तो असाच कडी अडकवून जायचा, आणि जाणारं-येणारं कोणी ती काढायचं. इथे काढणारं कोणी नव्हतं. आठ-दहा महिने ती बाई रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत आत कोंडलेली होती, माझ्यापासून चार पावलांवर, आणि दोघींना वाटत होतं समोरची माणसं शिष्ट आहेत. तिच्या दाराच्या माथ्यावरच्या कडीकडे माझी नजर कधी गेलीच नव्हती.

मी विचारलं, ‘वहिनी, मग कधी हाक नाही का मारलीत?’

‘तुमी रोज इंग्रजीत मोठमोठ्यान बोलतास. माका वाटला, घरात कोण सायब येता. म्हणान दार वाजवूक नाय.’

आता मात्र मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. ज्या नोकरीसाठी मी घसा फोडत होते, त्याच इंग्रजीने ती बिचारी घाबरून गप्प बसली होती. कधी सकाळी तिने हाक मारली असती, तर मी रोज तिची कडी काढली असती आणि आज तिने माझी.

आम्ही दोघी दाराशी बसलो. जिन्यावर पाऊल वाजलं की एकदम ओरडायचं असं ठरवलं. पण जिना गप्प होता. वरच्या आणि खालच्या मजल्यावरचे ब्लॉक अजून रिकामेच होते. घड्याळ माझ्या मागे भिंतीवर होतं, मी त्याच्याकडे पाठ करून बसले. निघायची वेळ झाली, गेली. आता टांगा केला तरी पोचेन अशी वेळ आली, तीही गेली. कुठेतरी पार्ल्याला एका वर्गात मुली बसल्या असतील आणि दुसरी कोणीतरी फळ्यावर दुसरा कुठला तरी शब्द लिहीत असेल, हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं की मी पदराने डोळे दाबून धरले.

‘रडा नको, बाय,’ समोरून आवाज आला. ‘रोज तां ब्लॉक-ब्लॉक काय आसता? माका सांगा बघू.’

आणि मी सांगितलं. मुलाखतीच्या त्याच वेळेला, निळ्या काठांची साडी नेसून, फरशीवर मांडी घालून, पत्राच्या खाचेतून मी माझा पाठ घेतला. मराठीत घेतला. म्हटलं, आपण ज्यात राहतो त्याला ब्लॉक म्हणतात ना, तो म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. मान उडवायचा ओंडका सांगितला, तर म्हणाली, ‘देवा रे.’ टोपीचा साचा सांगितला, तो तिला आवडला. वाट अडवणं सांगताना मला दाखल्यासाठी लांब जावं लागलं नाही. मी म्हटलं, कसं सांगू, गुरांच्या गळ्यात अडकवतात ना लाकूड, पळू नयेत म्हणून...

‘लोढणां,’ ती म्हणाली. ‘आमच्या गायीच्या गळ्यात होता. मेली चुकार. लोढणां घेऊन पण लोकांच्या मळ्यात जायची. बापाशीन मोठा बांधल्यान, तरी जायची.’

मी विचारलं, एवढं जड लाकूड घेऊन कशी जायची?

‘हळूहळू जायची,’ ती म्हणाली.

दुपार कलल्यावर टपालवाला आला. आमच्या खाचेचं झाकण त्याने उघडलं तर आत माझा डोळा. बिचारा दोन पायऱ्या मागे सरला. दोघी एकदम ओरडायला लागल्यावर त्याला बोध झाला, त्याने हात वर करून आधी माझी कडी काढली, मग तिची. ‘कुलूप नाही काही नाही, नुसत्या कड्या तर आहेत,’ असं पुटपुटत तो खाली गेला.

समोरचं दार उघडलं आणि मी तिला पहिल्यांदा अख्खी पाहिली. ती माझ्याच वयाची होती. आवाजावरून मी तिला वहिनी-वहिनी करत होते, आणि ती होती माझ्याएवढीच पोर. तिने मला जिन्याकडे ढकललं. ‘शाळा बंद झाली आसली तरी जावा. तोंड तरी दाखवून येवा.’ मी गेले. शाळा सुटलेली होती. शिपाई बाकं उचलत होता. म्हणाला, ‘बाई, मुलाखती झाल्या. एकजणी आल्या नाहीत म्हणून मोठ्या बाई जरा थांबल्याही होत्या.’ ते थांबणं मला फार लागलं.

संध्याकाळी हे आले. हातात गजरा होता. लग्नानंतर पहिल्यांदाच आणला होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. ‘अगं, सवय. चाळीतली सवय. तू आंघोळीला जाते म्हणालीस, हात आपोआप गेला.’ मग टोपी खुंटीला लावत म्हणाले, ‘जाऊ दे. दुसरी शाळा बघू.’ मी गजरा माळला. मला ते खरं वाटायला हवं होतं, म्हणून वाटलं. समोरच्या फिटरसाहेबांनीही त्याच संध्याकाळी आपल्या बायकोला तेच सांगितलं होतं, हात आपोआप जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी मिळून त्या दोन्ही कड्या काढल्या. फिटरचं घर ते, पेचकस होताच. ती स्टुलावर चढली, मी स्टूल धरलं. स्क्रू गंजले होते, बराच वेळ लागला. कडीच्या जागी दाराला फिकट चौकोन उरला. कड्या आम्ही तबेल्यामागच्या डबक्यात टाकल्या. त्या दिवसापासून आमची दारं दुपारी उघडी राहायला लागली, आणि सुका बांगडा मी खात नसले तरी त्याच्या वासाची मला सवय झाली.

सकाळी तिचा नवरा कामावर निघाला की एक गंमत व्हायची. ती तिच्या दारातल्या खाचेतून बघायची आणि मलाही माझ्या खाचेतून बघायला सांगायची. दार ओढलं की त्याचा उजवा हात वर जायचा, थेट त्या फिकट चौकोनावर, आणि लाकूड चाचपायचा. मग तो स्वतःशीच हसायचा आणि खाली उतरायचा. कडी गेलीय हे त्याला माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी हात वर जायचाच. ‘हात आयकत नाय तेंचो,’ ती म्हणायची. पुढे कितीतरी दिवस ते चाललं होतं.

ते बघता बघता एक दिवस माझ्या मनात आलं, ते येऊ नये म्हणून मी खूप झटकलं. ह्यांच्या हाताचं काय? रोज हे निघाले की मी लगेच आतून खिटी लावायची, त्यामुळे बाहेर त्यांचा हात कुठे जातो हे मी कधी पाहिलं नव्हतं. आणि आमच्या न्हाणीघराला आता पडदा नव्हता, चांगलं लाकडी दार होतं. कडीची गरजच काय होती? कडी कुठे गेली, हेही त्यांनी मला विचारलं नव्हतं.

एका सकाळी मी नळ सोडला, बादली लावली आणि आतून हाक दिली, ‘मी आंघोळीला जाते, दार ओढून घ्या.’ ‘बरं,’ ते म्हणाले. दार ओढल्याचा आवाज आला. मी अनवाणी धावत आले, खाली बसले आणि झाकण बोटभर वर केलं. मला त्यांचा सदरा दिसला, डाव्या हातातला डबा दिसला, आणि उजवा हात दिसला. तो मोकळा होता, मांडीशी लोंबत होता. मी त्या हाताकडे बघत राहिले. मी देवाला म्हटलं, एकदा वर जाऊ दे. त्यांनी टोपी सारखी केली, डबा या हातातून त्या हातात घेतला आणि ते जिना उतरून गेले. मी आणखी काही सकाळी तसंच नळ सोडून बघितलं. त्यांचा हात एकदाही वर गेला नाही.

मी त्यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते पुन्हा सवयच म्हणाले असते, आणि मला त्यांच्याबरोबर जन्म काढायचा होता. तो काढलाही. एरवी ते वाईट नव्हते. माझ्या बाळंतपणात त्यांनी रात्री जागवल्या, माझ्या आईवडिलांना कधी उणं पडू दिलं नाही. हे सगळं खरं आहे, आणि तो हातही खरा आहे.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका शाळेने बोलावलं. मुलाखतीची तारीख मी घरात सांगितली नाही. साडी आदल्या दिवशीच समोरच्या ब्लॉकमध्ये नेऊन ठेवली, हे ऑफिसला गेल्यावर तिथेच नेसले आणि तिथूनच बाहेर पडले. पाठ मी तोच घेतला. रुजू व्हायचं ठरलं तेही सांगितलं नाही. पहिला दिवस भरून, हाताला खडू लागलेला घेऊन मी घरी आले, चहा ठेवला, आणि कप ह्यांच्या हातात दिल्यावर सांगितलं, ‘मला नोकरी लागली. आज जाऊन आले.’

ते ‘बघू’सुद्धा म्हणाले नाहीत. त्यांनी दाराकडे पाहिलं, अगदी वरच्या बाजूला, आणि मान खाली घालून चहा प्यायला लागले.